आठ शेर ज्वारी

पूर्णेकाठच्या आसरडोह गावच्या मठात केवळनाथ महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही हकीकत.

गावात सरकी काढायचा कारखाना होता. तिथे गिरजाबाई नावाची विधवा नऊ रुपये महिन्यावर कापूस निवडी. पगार हाती पडला की ती पदरावर वाटे मांडी. ज्वारीचा, तेलमिठाचा, खोलीच्या भाड्याचा. आणि चार आण्यांचा एक वाटा दारी येणाऱ्या भुकेल्यासाठी. तो तिने कधीच मोडला नाही.

कारखान्याचे दिवाणजी यादोराव सर्वांदेखत हसत. "नऊ रुपयांत दानधर्म! गिरजे, लुगडं किती ठिकाणी फाटलंय, ते विचार तुझ्या महाराजांना!"

गिरजाबाई मान खाली घाली. बोच मात्र मनात राही.

एका माघात कारखान्याचं इंजिन बंद पडलं. काम नाही, पगार नाही. शेजारची पार्वता ओली बाळंतीण, घरात म्हातारी सासू, चूल थंड. गिरजाबाईने दोघींना बाळासकट आपल्या खोलीत आणलं, आणि मग घाबरून मठ गाठला.

"महाराज, मडक्यात आठ शेर जवारी हाये. पोटं तीन झाली. कोनता वाटा मोडू जी?"

महाराज म्हणाले, "कोणताच मोडू नको, बाई. रोज शेरभर मोजून घे. मोजायचं काम तुझं. पुरवणारा जागा आहे."

नवव्या दिवशी तिने भीत भीत मडक्यात हात घातला. हात मनगटापर्यंत ज्वारीत रुतला! विसाव्या दिवशीही तेच.

यादोरावांच्या कानी हे गेलं. "कारखान्याच्या शेठजींच्या कोठीतली चोरी आहे ही!" असं ओरडत त्यांनी मडकं उचलून मठात आणलं. मागोमाग गिरजाबाई, रडवेली.

महाराज शांतपणे म्हणाले, "दिवाणजी, तुम्ही हिशेबातले. मोजा."

यादोरावांनी मोजली. आठ शेर.

"एक शेर हिच्या पदरात घाला. उरलेली पुन्हा मोजा."

पुन्हा आठ. तिसऱ्यांदाही आठच! यादोरावांनी माप खाली ठेवलं. चाळीस रुपये पगार, तरी वीस तारखेला उसनवारी करणारे ते. हसले होते कुणाला?

त्यांनी महाराजांचे पाय धरले. महाराजांनी हलकेच गिरजाबाईकडे बोट केलं. दिवाणजी वळले आणि भरल्या मठात तिच्यापुढे वाकले. पदरातली ज्वारी सावरत ती पुटपुटली, "उठा जी दिवानजी... भाकर खाऊन जा."

धन्य ते महाराज, आणि धन्य ती माउली!