राजाचं नाव मागे

एका राज्यात धाकोजी नावाचा म्हातारा दवंडीवाला होता. दवंडीत नावं मानाप्रमाणे घ्यायची, राजाचं सगळ्यांत आधी, अशी तिथली रीत. त्याने काही बिघडत नसे, कारण कोणी केलं नि कोणाला केलं हे 'ने' आणि 'ला' सांगत. पण एकदा डोंगरावरच्या मांत्रिकाचं नाव आचाऱ्याच्याही मागे गेलं, आणि स्वारी भडकली. त्याने राज्यातले सगळे 'ने' आणि 'ला' पितळी हंड्यात कोंडले. तेव्हापासून लोकांनी ठरवलं, ज्याचं नाव आधी तो करणारा.

पुढे राजा पुरात वाहून चालला, बेशुद्ध. धाकोजीच्या लेकीने, रेवतीने, त्याला ओढून काढलं. धाकोजीने चाळीस वर्षांच्या सवयीने दवंडी पिटली, "राजा रेवती वाचवलं." झालं! राजा ज्याला वाचवी तो जन्मभर राजवाड्याचा चाकर, असा तिथला कायदा. शिपाई रेवतीला घेऊन गेले. आपल्याच जिभेने लेक घालवली म्हणून म्हातारा ढसाढसा रडला.

मग गुडघे धरत तो डोंगर चढला. हंड्यावर साळुंकी बसली होती. तिला शाप लागला नव्हता, तिच्या बोलण्यात 'ने' नि 'ला' शाबूत होते. हंडा फोडायचा तर तीन कामं कर, म्हणाली. आधी आटलेल्या तळ्याचं पाणी मागितलं, त्याने आणलं. पडलेल्या झाडाची सावली मागितली, तीही खांद्यावर टाकून आणली. आता तरी सुटलो, असं बापड्याला वाटलं.

"तिसरं काम," साळुंकी म्हणाली. "राजासमोर राजाचं नाव मागे घे. त्याने ते ऐकून घेतलं, तर हंडा फुटेल."

असं नाव घेणाऱ्याची तिथे जीभ छाटत. पण धाकोजी इतका दमला होता, की भ्यायलाही अंगात त्राण नव्हतं. दरबारात जाऊन त्याने ढोल बडवला.

"रेवती राजा वाचवलं."

तलवारी उपसल्या गेल्या. राजाने हात वर करून शिपायांना थांबवलं.

"रेवती आधी?" राजाने विचारलं.

"आधी, महाराज."

राजा सिंहासनावरून उतरला आणि मान खाली घालून उभा राहिला.

तिकडे हंडा फुटला. 'ने' नि 'ला' थव्याने परतले, आपापल्या नावांना बिलगले. रेवती घरी आली. आता नाव पुढे घ्या की मागे, अर्थ तोच. धाकोजीही पुन्हा राजाचं नाव आधी घेऊ लागला. फक्त दरसाल पूर ओसरला, की तो थकल्या पायांनी चावडीवर येई आणि एक दवंडी आपल्या मनासारखी देई.

"रेवतीने राजाला वाचवलं हो!"