एंटर दाबण्यापूर्वी

एका लोकगीत-संग्रहालयात एक वृद्ध गुरुजी एकदा आपल्या शिष्येला संगणकावरचे काम शिकवीत होते. गावोगावच्या बायकांनी गायलेल्या जात्यावरच्या ओव्या जपून ठेवणे, हे त्यांचे व्रत. त्यांच्या फाइल मॅनेजरमध्ये दोन फोल्डर शेजारी शेजारी उघडे असत आणि तळाशी आज्ञा लिहिण्याची एक ओळ, जिच्या आरंभी त्या वेळी निवडलेल्या फोल्डरचे नाव दिसे. माऊसला गुरुजी क्वचितच हात लावीत. एक कळजोडी दाबली की निवडलेल्या फाइलचे नाव त्या ओळीत उतरे. दुसरी दाबली की मघाची आज्ञा जशीच्या तशी परत येई. आपण एकेक अक्षर शोधत बसणारी माणसे. त्यांची बोटे पाहून खरोखर हेवा वाटावा!

त्या दिवशी एक म्हातारी ओव्या ध्वनिमुद्रित करायला आली होती आणि संगणकात जागा उरली नव्हती. गुरुजी उजवीकडे चाचणीच्या निरुपयोगी तुकड्यांचे एकेक फोल्डर उघडून रिकामे करू लागले.

"उरका की," म्हातारी म्हणाली, "घसा आत्ता मोकळा हाय. मागनं न्हाई ऱ्हात."

पुढचा फोल्डर उघडून गुरुजी तिला पाणी द्यायला उठले. तेवढ्यात शिष्येने डावीकडच्या फोल्डरमध्ये जाऊन मूळ ओव्या जागेवर आहेत ना, हे पाहून घेतले.

गुरुजी परत आले. त्यांनी कळजोडी दाबली. निवडलेल्या फोल्डरमधले सारे पुसणारी मघाची आज्ञा ओळीत हजर झाली. आता केवळ एंटर दाबायचे. पण गुरुजींनी हात मांडीवर ठेवले, ओळ सुरुवातीपासून हळूहळू वाचली आणि एका कळेने तिच्यातली आज्ञा पुसून टाकली.

"अहो गुरुजी, हीच तर आज्ञा हवी होती!" शिष्या कळवळून म्हणाली. "आजी खोळंबल्या आहेत."

"आज्ञा हीच. पण ओळीच्या आरंभी फोल्डरचे नाव कोणते होते?"

शिष्येने पडद्याकडे पाहिले. ते नाव डावीकडच्या फोल्डरचे होते. त्या मूळ ओव्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"मघाची आज्ञा परत बोलावता येते, मघाची जागा येत नाही," गुरुजी शांतपणे म्हणाले. "या कळा मी घाई करता यावी म्हणून शिकलो नाही. टंकण्यातच सारा जीव गेला, तर वाचायला तो उरत नाही. हातांचे श्रम वाचवले, ते या क्षणी थांबता यावे म्हणून. आता तू बस."

शिष्या बसली. तिने उजवा फोल्डर निवडला, आज्ञा परत बोलावली.

मागून म्हातारीने विचारले, "त्या जुन्या ओव्यांत माझी जाऊ गातीया न्हवं? दोघी मिळून दळायचो आमी. आता ती न्हाई. तिचं ऐकून म्होरलं मी म्हणीन म्हंते."

शिष्येने मान डोलावली. तिने ओळ अक्षर न् अक्षर वाचली, पुन्हा वाचली आणि मगच एंटर दाबले. मग तिने डाव्या फोल्डरमधली एक ओवी लावली. जावेचा आवाज खोलीत उमटला आणि तो थांबताच म्हातारीने डोळे मिटून पुढची ओवी उचलली.

आपणही दिवसभर किती वेळ वाचवतो. तो कोणासाठी थांबण्यात खर्च होतो, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.