अनशाबाईचे बुडखे

बोरवंड गावात कोबी कुणी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. अनशाबाई एकटी बाई. भावाने दिलेलं चिमूटभर बी तिने परसात लावलं. भांडी धुतलेलं पाणी घालायची, दवात पानांवर राख भुरभुरायची. तीस गड्डे धरले.

शेजारचा धोंडीबा कुंपणावरून म्हणायचा, "वहिनी, ही भाजी की बोचकं? सोडत जावं, सोडत जावं, आत काहीच नाही."

"असतात काही माणसंही तशी, भाऊजी," अनशाबाई म्हणायची.

त्या माघात गारा पडल्या. काढणीला आलेली ज्वारी मातीत गेली, मळ्यातली भाजी गेली. कोबीची वरची पानं फाटली, पण आतले गड्डे जसेच्या तसे. अनशाबाईने विळा घेतला, बुडखे मातीतच ठेवून गड्डे कापले, एकेकाच्या चार फोडी केल्या आणि घरोघर वाटल्या. दोन दिवसांत वाफा रिकामा झाला. गावापुढे अख्खा उन्हाळा उभा होता.

तिसऱ्या दिवशी धोंडीबा कुदळ घेऊन आला. पीक निघालं की मुळं उपटायची, ही गावाची रीतच. "बुडखे तेवढे गुरांना होतील," तो म्हणाला.

अनशाबाई वाफ्यात बसली. "मुळाला हात लावायचा नाही."

"मुंडकं उडवल्यावर परत येतं का, वहिनी?"

"माणसाला नाही येत. कोबीला येतं."

तिने प्रत्येक बुडख्यावर विळ्याने फुली मारली आणि पाणी घातलं. महिन्याभरात फुलीच्या चारी कोपऱ्यांना मुठीएवढे चार गड्डे आले. ते कापले, तर पुन्हा चार आले. भर वैशाखात, विहिरी तळाला गेल्या तरी येत राहिले. आषाढात रानात भाजी उगवेपर्यंत तीस बुडख्यांनी गाव जगवलं, असं म्हणतात. आणि रोज सकाळी टोपली घेऊन पहिला उभा असायचा तो धोंडीबा, असंही म्हणतात.

अजूनही बोरवंडात कोबी कापला की बुडखा उपटत नाहीत. त्यावर फुली मारतात आणि म्हणतात, "वरचा आमचा, खालचे अनशाबाईचे." खालचे गड्डे विकत नाहीत, घरात शिजवत नाहीत. ज्याच्या घरी चूल थंड असेल, त्याने न विचारता कापून न्यावेत.

अनशाबाईचा वाफा गावाने राखला आहे. त्याला दर हंगामाचं पहिलं पाणी धोंडीबाच्या घरचेच घालतात.