भिवरा कासारणीनं टाकलेल्या वशाची कहाणी

ऐक काळकाई, तुझी कहाणी. बायांनो, हातातले तांदूळ सांभाळा, कहाणी रडकी आहे.

आटपाट नगरात, बाजाराच्या टोकाला, भिवरा नावाची विधवा कासारीण राहत होती. बांगड्या भरायला तिच्यासारखा हात नव्हता. एकदा राणीनं बोलावलं. राणीचा हात म्हणजे केळीचा खांब. बांगडी मुठीवर वाढली, फुटकी काच रुतली, रक्त आलं. राणी म्हणाली, "हातच माझा दांडगा, तू काय करशील?" राणी हसली, विसरली. भिवरा विसरली नाही. घरी आली, आपणच एक वसा घेतला : एकही बांगडी वाढणार नाही अशी खात्री होईल, तेव्हाच कोणाचा हात धरीन.

मग शेजारीण आली. भिवरा म्हणाली, "आज हात कापतोय." गरोदरीण आली. "आज मांजर आडवं गेलं." पाटलीण आली. "आज वार बरा नाही." दिवसभर लाटण्यावर बांगड्या चढवी, उतरवी. लाटण्याला रक्त येत नाही. गिऱ्हाईक तुटलं, चूल थंडावली.

तिला एक लेक होती, मैना. तिचं लग्न ठरलं. त्या कासारांची रीत अशी, की लेकीचा चुडा आईनंच भरायचा. मुहूर्त आला. "आई, भर ना गं." "चुड्यातली वाढली तर तुझं वाटोळं होईल. थांब, अजून हात बसला नाही." पहिला मुहूर्त गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला व्याही म्हणाला, "विहीणबाई, आता लाटण्याचंच लग्न लावा." वऱ्हाड उठलं. मुलगा दुसऱ्या गावी बोहल्यावर उभा राहिला. मैना रडलीसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून निजली, ती दिवसचे दिवस उठेना.

मग काळकाई म्हातारीच्या रूपानं आली. बोटं वाकडी, सांधे गाठाळ. "बये, हात भर."

"आजी, माझा वसा आहे."

"कुणी दिला?"

"माझा मीच घेतला."

"जगाला सांगते, घेतला वसा टाकू नका. तुला सांगते, टाक. सकाळी उठावं, वार बघू नये, मांजर बघू नये, समोर येईल तो हात धरावा."

"बांगडी वाढेल, आजी."

"वाढू दे. बांगडी काचेची आहे, मी नाही."

भिवरानं हात धरला. पहिली वाढली. दुसरी वाढली. तिसरी वाढली. म्हातारीनं हात मागे घेतला नाही. "पुढची," म्हणाली. पुढची चढली. मनगट भरलं, तशी म्हातारी दिसेना.

भिवरा लेकीपाशी धावली. "ऊठ मैने, चुडा भरते."

"आता कुणाच्या नावाचा?"

भिवरानं नुसता हात धरला. मैनानं ओढून घेतला. पुन्हा धरला, पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा मैनानं राहू दिला. भरता भरता एक बांगडी वाढली. दोघी दचकल्या. घर कोसळलं नाही, आभाळ पडलं नाही, काच तेवढी सांडली. "एवढंच होतं, आई?" मैना म्हणाली, आणि मग मात्र ऊर फुटेस्तोवर रडली.

तुम्ही वाट बघताय, नवरामुलगा परत आला का? नाही आला, बायांनो. इतर वेळी मी हत्तीसुद्धा उडवीन, पण देवीपुढे खोटं कसं सांगू? सकाळी मायलेकींनी दार उघडलं. दुपार कलली तेव्हा एक गिऱ्हाईक आलं.

भिवराचा हात उशिरा सुटला, तुमचा आमचा वेळेवर सुटो. साठां उत्तरांची ही कहाणी पाचांत सांगितली. काळकाईनं गोड करून घ्यावी, सुफळ करावी, संपूर्ण करावी.