उन्हाच्या विटा

खूप खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर अजून वाढत्या वयाचे होते.

एका थंड डोंगरी राज्यात एक गाव होतं. गावात धूर एवढा, की कावळे खोकत उडायचे आणि कोंबड्या भाजलेलीच अंडी घालायच्या. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा. घरोघरी ओली लाकडं जळायची आणि ती सगळी एकाच वखारीतून यायची. वखारवाल्या शेठचं घर मात्र उंच टेकडीवर, मोकळ्या वाऱ्यात होतं.

त्याच गावात सटवाजी नावाचा कुंभार राहायचा. त्याच्या बायकोचे, कोंडाईचे, डोळे धुराने चालले होते. वैद्य म्हणाला, "अजून दोन हिवाळे चुलीपुढे बसली, तर दिवा लावला काय नि विझवला काय, तिला सारखंच."

सटवाजीने मडकी सोडली. डोंगरातला काळा दगड कुटून मातीत कालवला आणि मुठीएवढी वीट भाजली. दिवसभर उन्हात तापलेली ती वीट संध्याकाळी पाण्यात टाकली, तर पाणी खळखळ उकळलं.

गाव हसलं. "सटवाजी, आता चांदण्यावर दही लाव!"

पण चुलीजोग्या विटा भाजायच्या, तर भट्टी सलग सात दिवस धगधगायला हवी. एवढं लाकूड कुंभाराकडे कुठलं? राजाकडे लाकूड मागायला गेला, तर प्रधानाने त्याला दारातूनच परत पाठवलं.

तेव्हा शेठ टेकडी उतरून स्वतः आला. "सटवाजी, लागेल तेवढं लाकूड न्या. अहो, तुमच्यासारखा माणूस अडता कामा नये."

आता त्या गावची एक रीत होती. नवी भट्टी पहिल्यांदा ज्याच्या लाकडावर पेटेल, तिच्यातून निघेल ते त्याचं. तसलं पुन्हा कुणीही घडवायचं, तरी त्यालाच विचारून.

कोंडाई म्हणाली, "अहो, त्याचं लाकूड नको. मी शेण्या थापीन. चार हिवाळे लागतील, पण भट्टी आपली राहील."

"चार हिवाळ्यांनी तुझे डोळे राहतील का?"

"आणि त्याने विटा दिल्याच नाहीत तर?"

"अगं, एवढं लाकूड देतोय, ते काय विटा लपवायला?"

भट्टी पेटली. आठव्या दिवशी शंभर काळ्याभोर विटा निघाल्या. त्या उन्हात तापवल्या आणि संध्याकाळी त्यांच्यावर भात शिजला. धुराची एक रेघसुद्धा नाही. कोंडाईने तो भात रडत रडत खाल्ला, आणि कितीतरी वर्षांनी तिचं रडणं धुराचं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी शेठच्या गाड्या दारात उभ्या राहिल्या.

"शेठ, निदान एका चुलीपुरत्या तरी राहू द्या," सटवाजीने हात जोडले.

"रीत तुमच्याच गावची आहे, सटवाजी. मी कशी मोडू? आणि लाकूड हवं असलं, तर वखार उघडीच आहे की!"

पंच बसले, माना डोलावल्या आणि उठले. त्या दिवशी पंचांच्या घरी निवडक सुकं लाकूड पोचलं.

शेठने त्या विटा विकल्या नाहीत की वापरल्या नाहीत. वखारीच्या अंधारात लाकडांच्या ढिगाखाली रचून टाकल्या. म्हणजे लाकडांना वाळवी लागायला नको. ऊन त्या विटांना पुन्हा कधी दिसलं नाही.

दोन हिवाळे सरले. कोंडाई चुलीपुढे बसून फुंकणीसाठी जमीन चाचपत होती. सटवाजीने फुंकणी तिच्या हातात दिली.

"आज धूर फार आहे का हो?" तिने विचारलं.

"छे, कुठे काय," खोकला दाबत तो म्हणाला.

मग तिनेही आपला खोकला दाबला.

तात्पर्य: ज्याचं घर धुरावर चालतं, त्याने दिलेल्या लाकडावर बिनधुराची चूल भाजायला ठेवू नये.