टाकीचा कोंडलेला श्वास

खाडीवर पूल झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. भिकाजी तांडेलाच्या होडीला एक म्हातारं इंजिन होतं. हळू हाकलं की ते गुमान चाले. वेग वाढवला की धापा टाकत मंदावे. भिकाजीने प्लग बदलला, पंख्यात अडकलेलं जाळं काढलं, तरी गुण येईना. आता आपली रवानगी भंगारात, या धास्तीने इंजिनाचा जीव अर्धा झाला.

एका दुपारी भिकाजीच्या सुनेला, सुलभाला, कळा सुरू झाल्या. दवाखाना पलीकडच्या काठावर, आणि ओहोटी लागलेली. होडी मध्यावर आली तशी सुलभा कण्हली, "मामंजी, लवकर चला!" भिकाजीने वेग वाढवला आणि इंजिन बंदच पडलं. होडी समुद्राच्या तोंडाकडे वाहू लागली.

भेदरलेलं इंजिन शेजारच्या पेट्रोलच्या टाकीवर खेकसणार होतं, पण पाहतं तर तिच्या दोन्ही कुशी आत ओढलेल्या. "तुला काय होतंय गं?" त्याने विचारलं.

"झाकणावरचा हवेचा स्क्रू आवळला गेलाय. तू जोरात पेट्रोल ओढलंस की माझा श्वास कोंडतो," टाकी म्हणाली, आणि तिचा पत्रा टणकन वाजला.

भिकाजीने वळून पाहिलं. चेपलेली टाकी दिसताच त्याने स्क्रू सैल केला. फुस्सकन हवा आत शिरली. दोरी ओढताच इंजिन गरजलं आणि होडी काठाला लागली. काठावरच्या बायकांनी सुलभाला उचलून दवाखान्यात नेलं.

"इतके दिवस बोलली का नाहीस?" इंजिनाने विचारलं.

"तू आपल्याच म्हातारपणाचं रडत होतंस," टाकी म्हणाली. "मला विचारलंस ते आज."