मणुलीला माळेत जागा हवी

कावेरी पडली. धप्प! गुडघा खरचटला.

गुडघ्याच्या आत एक पांढरी पेशी होती. इवलीशी. अंगाची राखणदारीण! जंतू आला की गट्टम करायची. पण जंतूपर्यंत जायला पाय हवा ना? तिचा पाय मण्यांच्या माळेचा. माळ लांब झाली की पाय फुटलाच.

आज काय झालं? माळेतून एक मणी निसटला. टुप्प! ती होती छोटी मणुली. गेली की तिची जागा!

तेवढ्यात पेशीबाहेर आवाज आला. खर्र… खर्र…

जंतू! खरचटलेल्या जागेतून आत येत होता.

"अगं बाई!" मणुली थरथरली. "पाय फुटला नाही तर? कावेरीचा गुडघा सुजेल! तिला ताप येईल!"

मणुली गेली माळताईकडे. टुणुक टुणुक.
"माळताई, मला घे ना!"
"कशी घेऊ? माझ्या टोकावर टोपणदादा बसलाय. तो हलला तर घेते."

मणुली गेली टोपणदादाकडे. टुणुक टुणुक.
"दादा, हल ना! ताई मला घेईना!"
"मी नाही हलत जा! मणी ओवणारी ओवणमावशी आली तर हलतो."

खर्र… खर्र…

मणुली गेली ओवणमावशीकडे. टुणुक टुणुक.
"मावशी, ये ना! दादा हलेना, ताई मला घेईना!"
"झोप येतेय गं. हाक्याकाकानं हाक मारली तर येते."

मणुली गेली हाक्याकाकाकडे. टुणुक टुणुक.
"काका, हाक मार ना! मावशी येईना, दादा हलेना, ताई मला घेईना!"
"उगाच कशाला ओरडू? नाकुआजीनं सांगितलं तर मारतो."

खर्र… खर्र… खर्र…

नाकुआजी बसली होती पेशीच्या भिंतीत. नाक बाहेर काढून. मणुली गेली तिच्याकडे. टुणुक टुणुक.
"आजी, सांग ना! काका हाक मारेना, मावशी येईना, दादा हलेना, ताई मला घेईना!"
"मला दिसत नाही गं बाळा. वास आला तरच सांगते. जंतूला माझ्या नाकाशी येऊ दे."

नाकाशी? बाप रे! मणुली मागे सरकली. पळून जावं का? पण मग कावेरीचं काय?

मणुलीनं डोळे घट्ट मिटले. भिंतीवर ठोठावलं. टक टक!
"ए जंतू! इकडे ये!"

खर्र. खर्र. खर्र. आवाज थांबला. जंतू अगदी भिंतीपलीकडे होता.

"आजी, मला भीती वाटते!"
"ये, मला बिलग." आजीनं हुंगलं. हुं… हुं… "आला गं बाई, आला!"

आजीनं सांगितलं, काकानं हाक मारली, मावशी आली, दादा हलला, ताईनं मणुलीला घेतलं!

टिक! तिच्यामागून दुसरा मणी. टिक! मग तिसरा. टिक टिक टिक! माळ लांब झाली. भिंत पुढे सरकली. पाय फुटला!

पळाला जंतू. धावली पेशी. गट्टम!

आता खर्र नाही की खुर्र नाही. मणुली अजून थोडी थरथरत होती.
"घट्ट धरलंय हं तुला," माळताई म्हणाली.

बाहेर कावेरीनं गुडघ्यावर फुंकर मारली. फू!

गुडघ्यावर धरली खपली,
मणुली माळेत झोपली.